साहित्यातील अलंकार आणि तंत्रे वाचकावर काय परिणाम करतात, ते कसे ओळखावे

शाळेत अलंकार शिकताना आपली ओळख होते ती त्यांच्या नावांशी आणि लक्षणांशी. ‘सारखा’, ‘जसा’, ‘सम’ असे शब्द दिसले की उपमा, ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, अशा खुणांवरून उत्तर लिहिता येते आणि गुणही मिळतात. पुढे एखाद्या कवितेचे रसग्रहण करायचे झाले, कथेवर लेख लिहायचा झाला किंवा स्वतः काही लिहायला बसले की मात्र ही ओळख अपुरी पडते. अलंकार कोणता आहे एवढे सांगून तिथे भागत नाही. तो नेमका याच ठिकाणी का आला आणि त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात काय घडले, हे सांगावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक साधी पद्धत इथे मांडली आहे. तिला परिभाषा फार थोडी लागते. संयमाने वाचण्याची तयारी मात्र पुष्कळ लागते.

पद्धत अशी: मजकूर पहिल्यांदा वाचताना काहीही शोधू नये, फक्त लक्ष कुठे अडखळले, कुठे ओळ पुन्हा वाचावीशी वाटली, कुठे नकळत वेग वाढला, एवढ्या जागांवर बारीक खूण करावी. दुसऱ्या वाचनात त्या जागेवरचे वाक्य घ्यावे आणि त्यातील आशय शक्य तितक्या सरळ शब्दांत, कोणतीही सजावट न करता, स्वतः लिहून काढावा. मग मूळ वाक्य आणि आपले वाक्य एकाखाली एक ठेवून स्वतःला विचारावे की मूळ वाक्य वाचताना मला असे कोणते काम करावे लागले, जे साध्या वाक्याने माझ्याकडून करवून घेतले नाही. त्या कामाचे वर्णन म्हणजेच परिणाम. अलंकाराचे किंवा तंत्राचे नाव सर्वांत शेवटी लिहावे, आणि नाव आठवले नाही तरी बिघडत नाही.

एक वाक्य घेऊन हे करून पाहू. बऱ्याच वर्षांनी परतलेल्या माणसाविषयी कथेत लिहिले आहे: ‘घराने त्याला ओळखले नाही.’ याचे साधे रूप होईल: ‘त्याला घर अनोळखी वाटले.’ माहिती जवळपास तीच आहे. साध्या वाक्यात मात्र ओळखण्याची क्रिया माणसाच्या हातात आहे. घर बदलले असेल किंवा तो विसरला असेल, एवढाच अर्थ निघतो. मूळ वाक्यात नकार घराकडून येतो. वाचकाला क्षणभर घराच्या बाजूने त्या माणसाकडे पाहावे लागते, तो किती बदलला असेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि ‘ओळख न देणे’ या बोलण्यातील वापरामुळे घराने जाणूनबुजून पाठ फिरवली असावी अशी शंकाही मनात येते. बदललेला कोण, घर की माणूस, हा प्रश्न त्या चार शब्दांनी उभा केला. हे सगळे लिहून झाल्यावर शेवटी म्हणावे की ही चेतनागुणोक्ती आहे, म्हणजे निर्जीव वस्तूवर सजीवाच्या गुणाचा आरोप आहे.

साम्यावर उभे असलेले अलंकार

भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढील शतकांत ही संख्या वाढत गेली आणि सतराव्या शतकापर्यंत ती शंभराच्या वर पोहोचली. इतके भेद पाठ करण्याची गरज नाही, पण जवळजवळच्या भेदांत वाचकाचा अनुभव कसा बदलतो हे एकदा तरी नीट पाहावे. त्यासाठी एकच जोडी घेऊ: उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती ‘आठवण’, आणि उपमान, म्हणजे जिच्याशी करायची तो ‘काटा’.

‘ती आठवण काट्यासारखी सलते.’ ही उपमा. आठवण आणि काटा या दोन वस्तू वेगळ्या राहतात, ‘सारखी’ हा शब्द त्यांच्यामधले अंतर जपतो आणि ‘सलते’ हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, उघडपणे सांगितलेला असल्यामुळे वाचकाला फारसे शोधावे लागत नाही. म्हणून उपमा शांत असते. बोलणारा स्वतःच्या दुःखाकडे थोडे लांबून पाहू शकतो, असे ती सुचवते.

‘ती आठवण म्हणजे जणू रुतलेला काटाच.’ ही उत्प्रेक्षा. इथे कल्पना आहे हे ‘जणू’ने मान्य केले आहे, पण अंतर कमी झाले आहे. ‘आठवणीचा काटा अजून निघालेला नाही.’ हे रूपक. आता तुलना केल्याचे कोणी सांगतच नाही. दोन्ही वस्तू एक झाल्या आहेत, आणि साधारण धर्म गाळल्यामुळे तो वाचकाला पुरवावा लागतो. सलणे, पिकणे, पाऊल टाकताना जपावे लागणे, यांपैकी जे ज्याला सुचेल ते तो त्यात घालतो. रूपक उपमेपेक्षा खोल जाते असे आपण म्हणतो, त्याचे कारण इतकेच आहे की त्यातील अर्धे काम वाचकाने केलेले असते, आणि स्वतः शोधलेला अर्थ दिलेल्या अर्थापेक्षा अधिक टिकतो.

‘ही आठवण नव्हे, काटा आहे.’ ही अपन्हुती. उपमेयाचा स्पष्ट इन्कार आला की वाक्यात भांडण शिरते. कोणीतरी ‘आठवणच तर आहे’ म्हणाले असावे आणि त्याला हे उत्तर असावे, असा संवाद वाचक मनात रचतो. आणि ‘काटा निदान सुईने काढता येतो, या आठवणीला सुई लागत नाही’ असे लिहिले की व्यतिरेक होतो, उपमेय उपमानाच्या पुढे जाते. गंमत अशी की आधी साम्य मान्य करून मग ते अपुरे ठरवले जात असल्यामुळे वाचकाला तुलना दोनदा करावी लागते, आणि दुसऱ्या खेपेस काट्याची वेदनाही कमी वाटू लागते. पाच वाक्यांत विषय एक, वस्तू त्याच, तरी बोलणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळा ऐकू येतो. एखाद्या उताऱ्यावर लिहिताना ‘कवीने सुंदर रूपक वापरले आहे’ असे म्हणण्याऐवजी इथे उपमा असती तर काय गेले असते, हे दोन ओळींत लिहिले तर ते खरे विवेचन होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ किंवा ‘काळ धावतो’ हीसुद्धा कधीकाळी ताजी रूपके होती. आज त्यांतला डोंगर कोणाला दिसत नाही आणि धावणारे पायही दिसत नाहीत. ती भाषेच्या रोजच्या साठ्यात मिसळून गेली आहेत. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी 1917 साली मांडले की सवयीमुळे आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि कलेचे काम त्या पुन्हा अपरिचित करून दाखवण्याचे असते. म्हणून अशा झिजलेल्या रूपकावर परिच्छेदभर लिहू नये, मात्र लेखकाने तेच रूपक जागे केले असेल तर जरूर थांबावे. ‘दुःखाचा डोंगर कोसळला, त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दगड वेचत होतो’ या वाक्यात दुसरा भाग आल्यावर पहिल्या भागातला डोंगर अचानक खरा होतो.

न सांगितलेले कसे ऐकू येते

संस्कृत काव्यशास्त्राने या विषयाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी अलंकारांच्या यादीत नाही, ती शब्दशक्तींच्या, म्हणजे शब्दातून अर्थ कसकसा निघतो याच्या, विचारात आहे असे मला वाटते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे न उच्चारता सूचित होणाऱ्या अर्थाचा, सिद्धांत मांडला, आणि त्याच्या परंपरेत एक छोटे उदाहरण पुन्हा पुन्हा येते: ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर वस्ती पाण्याच्या प्रवाहावर असू शकत नाही. हा अभिधेचा मार्ग बंद झाला. मग आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ लावतो, ही लक्षणा. पण काठावर म्हणायचे होते तर तसे का म्हटले नाही? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने प्रवाहाची शीतलता आणि पावित्र्य त्या वस्तीलाही लाभले. हा तिसरा अर्थ कोणत्याही शब्दाने उच्चारलेला नाही, तो व्यंजनेने जाणवतो.

हाच क्रम आजच्या कोणत्याही कथेला लावता येतो. समजा, कथेत संवाद आहे: ‘मुलाचे पत्र आले का?’ असे शेजारी विचारतो, आणि म्हातारे गृहस्थ म्हणतात, ‘पोस्टमन सध्या या बाजूला फारसा येत नाही.’ सरळ अर्थ पोस्टमनविषयी आहे. तो प्रश्नाशी जुळत नाही, म्हणून आपण ‘पत्र आलेले नाही’ असा अर्थ लावतो. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. दोष पोस्टमनवर टाकून बाप मुलाची बाजू राखतो आहे, हे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या फटीतून आपल्याला कळते. ‘त्यांचे मुलावर अजूनही प्रेम होते आणि त्याची उपेक्षा ते लपवत होते’ असे निवेदकाने लिहिले असते, तर वाचकाने ती बातमी म्हणून घेतली असती. इथे ती त्याने स्वतः ओळखली आहे, आणि शेजाऱ्यालाही ती कळली असावी या जाणिवेने त्याला थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रतीकही याच मार्गाने काम करते, फक्त त्याला वेळ लागतो. कथेच्या आरंभी टेबलावर एक चष्मा आहे; तो केवळ चष्मा आहे. मध्यावर कोणीतरी आवरताना तो उचलतो आणि पुन्हा त्याच जागी ठेवतो. शेवटाकडे त्याच्या काचा पुसलेल्या दिसतात. तिन्ही ठिकाणी लेखकाने भावनेचा एक शब्दही लिहिलेला नसेल, तरी तिसऱ्या वेळी वाचक गेलेल्या माणसाविषयी आणि मागे राहिलेल्यांविषयी बरेच काही जाणतो. प्रतीक ओळखायचे असेल तर वस्तू किती वेळा आली हे मोजण्यापेक्षा प्रत्येक वेळी तिच्याभोवती काय बदलले होते ते पाहावे. ‘चष्मा हे दृष्टीचे प्रतीक आहे’ असे कोशातले उत्तर देणे टाळावे; या कथेतला चष्मा या कथेनेच घडवलेला असतो.

उपरोधाचे काम याहून उघड आहे. ‘केवढी ही तत्परता! मदत मागणारा गेल्यानंतर अवघ्या महिन्याभरात मदत पोहोचली.’ शब्द स्तुतीचे आणि अर्थ निंदेचा, म्हणून ही व्याजस्तुती. वाचकाला शब्द उलटे करून वाचावे लागतात आणि ते जमले की लेखक आणि तो एका बाजूला उभे राहतात. जे पात्राला माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असते तेव्हा होणारा नाट्यगत उपरोध मात्र निराळा. तिथे वाचक पात्राच्या पुढे असतो, पण त्याला सावध करू शकत नाही, आणि त्या असहायतेतून ताण निर्माण होतो.

नाद, वाक्यरचना आणि क्रियापद

अनुप्रास आणि यमक ओळखायला सोपे असतात आणि त्यांच्याविषयी अतिरेकी विधानेही तितक्याच सहजपणे केली जातात. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात माधुर्य (गोडवा), ओज (आवेश) आणि प्रसाद (सहज कळणे) हे काव्याचे तीन गुण सांगताना ट-वर्गातील कठोर वर्ण आणि जोडाक्षरे ओजाला पोषक, तर माधुर्याला मारक मानली. हे निरीक्षण उपयोगी आहे, पण ‘ट’ आला म्हणजे राग आला असे नसते. नाद अर्थाला दुजोरा देतो, स्वतःहून अर्थ निर्माण करत नाही. ‘खटकन कडी पडली’ या वाक्यात आघात ऐकू येतो, कारण कडी पडण्याची घटना तिथे आहे. मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय नादाविषयी काहीही लिहू नये, एवढा नियम पाळला तरी बऱ्याच चुका टळतात.

मराठीत मात्र परिणामाची फार मोठी साधने अलंकारांच्या यादीबाहेर, साध्या व्याकरणात दडलेली आहेत आणि त्यांच्याकडे क्वचितच लक्ष जाते. ‘आई दारात उभी होती’ आणि ‘दारात उभी होती आई’ ही दोन वाक्ये पाहा. नेहमीच्या क्रमात कर्ता आधी येतो आणि क्रियापद वाक्य मिटवते. क्रम बदलला की दार दिसते, कोणीतरी उभे असल्याचे कळते आणि कोण हे शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवले जाते. येणाऱ्या माणसाच्या नजरेला जे ज्या क्रमाने दिसले, त्याच क्रमाने वाचकालाही दिसते.

क्रियापदाच्या रूपाचेही तसेच आहे. ‘तो संध्याकाळी आला, पायरीवर बसला, काही बोलला नाही’ ही एका दिवसाची हकीकत झाली. ‘तो संध्याकाळी येई, पायरीवर बसे, काही बोलत नसे’ असे रीतिभूतकाळात लिहिताच एका संध्याकाळीत अनेक संध्याकाळी सामावतात, काळ लांब होतो, आणि ही रीत आता मोडली आहे हे लेखकाने न सांगताही वाचकाला चाहूल लागते. कथेत अशा ‘येई-बसे’च्या ओघात अचानक ‘एके दिवशी तो आला नाही’ असे साधे रूप आले, तर धक्का घटनेइतकाच त्या रूपबदलातूनही बसतो. दीर्घ वाक्यांनंतर येणारे दोन-तीन शब्दांचे वाक्य याच तत्त्वावर चालते: वाचकाच्या श्वासाला लागलेली लय मोडली जाते.

निवेदक आणि काळाची मांडणी

कथा-कादंबरीविषयी लिहिताना पहिला प्रश्न ‘कोण सांगत आहे’ हा असावा. प्रथमपुरुषी निवेदक वाचकाला जवळ घेतो, पण त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. सर्वज्ञ निवेदक सगळ्यांच्या मनात जाऊ शकतो. म्हणून तो एखाद्याच्या मनात मुद्दाम गेला नाही, तर ती बंद खोली लक्षात ठेवावी. निवेदक अविश्वसनीय असेल तर त्याच्या बोलण्यातील विसंगती वाचकाला टिपाव्या लागतात. ‘मी तिचा कधीच राग केला नाही’ असे सांगणारा माणूस तिच्या प्रत्येक चुकीची तारीख सांगू लागला, की आपण त्याचे शब्द बाजूला ठेवून त्याच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवतो.

पूर्वसूचनेचा परिणाम दोन टप्प्यांत होतो: पहिल्यांदा वाचताना ती केवळ तपशील वाटली पाहिजे, आणि शेवट कळल्यावर मागे वळून पाहताना ती अटळ वाटली पाहिजे. म्हणून तिच्याविषयी लिहिताना दोन्ही वाचनांचा उल्लेख करावा. फ्लॅशबॅकबाबत एवढे विचारले तरी पुरते की हीच माहिती आधी दिली असती तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो.

परिणाम शब्दांत कसा मांडावा

उत्तरपत्रिकांपासून परीक्षणांपर्यंत एक वाक्य सर्वत्र आढळते: ‘या अलंकारामुळे वाचकाच्या मनावर खोल परिणाम होतो.’ हे वाक्य कोणत्याही अलंकाराखाली चालते, आणि म्हणूनच ते काहीही सांगत नाही. त्याऐवजी क्रियापदे वापरावीत: वाचक थांबतो, मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो, बाजू बदलतो, अंदाज बांधतो, तो चुकतो, अवघडतो, कोणाला तरी माफ करतो. वर पाहिलेल्या संवादावर कोणी लिहिले की ‘लेखकाने ध्वनीचा प्रभावी वापर करून पित्याचे दुःख हृदयस्पर्शी केले आहे’, तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘उत्तर पोस्टमनविषयी असल्यामुळे आपण प्रथम गोंधळतो, मग ते टाळाटाळीचे आहे हे ओळखतो, आणि ती टाळाटाळ मुलाची अब्रू राखण्यासाठी आहे हे उमगल्यावर शेजाऱ्याचा साधा प्रश्न आपल्याला क्रूर वाटू लागतो’ असे लिहिले, तर प्रत्येक पायरी मजकुराकडे बोट दाखवून सिद्ध करता येते. वाचकांचे अनुभव वेगवेगळे असणारच. पण अनुभवाचे कारण ओळीत दाखवता आले, तर असहमत होणाऱ्यालाही त्याच ओळीकडे यावे लागते.

स्वतःच्या लेखनात हीच पद्धत उलट दिशेने वापरावी. पहिला खर्डा लिहिताना अलंकारांचा विचार करू नये. खर्डा पूर्ण झाल्यावर प्रत्येक उपमा, प्रत्येक विशेषण आणि प्रत्येक सूचक तपशील एकेक करून खोडून परिच्छेद पुन्हा वाचावा, आणि खोडल्यावर काहीच हरवले नाही तर तो खोडलेलाच ठेवावा. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडताना गळ्यात मेखला (कमरपट्टा) आणि कमरेला हार घालणाऱ्याला लोक हसतात असे म्हटले आहे. दागिना खोटा नसतो, जागा चुकलेली असते. शोकाच्या प्रसंगी चमकदार श्लेष, भांडणाच्या मध्यावर लांबलचक निसर्गवर्णन किंवा लहान मुलाच्या तोंडी प्रौढ रूपक यांचे तसेच होते. अशी जागा सापडली की तो अलंकार टाकून न देता वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवावा, त्या वाक्याऐवजी साधे विधान लिहावे, आणि दोन दिवसांनी तो उतारा मोठ्याने वाचून मगच पुढच्या परिच्छेदाकडे वळावे.